आत्याच्या पाठीनं निवडलेलं लाकूड

माझी आत्या गज बनवते. हे सांगितलं की बहुतेकांना खिडकीचे गज वाटतात, आणि एखाद्या संस्कृतच्या मास्तरांना हत्ती आठवतो. गज म्हणजे व्हायोलिन किंवा चेलो वाजवणारे उजव्या हातात धरतात ती लांब, किंचित बाक दिलेली दांडी. तिच्या एका अंगाला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. ऐकणाऱ्यांचं लक्ष वाद्याकडे असतं, गजाकडे कुणी बघत नाही. वाजवणाऱ्याला मात्र विचारून बघा. वाद्य उसनं चालतं, गज उसना चालत नाही, असंच तो सांगेल.

आतोबांशी तिची ओळख या नावाच्या घोटाळ्यातूनच झाली. आतोबा तेव्हा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होते. नव्या खोलीच्या खिडकीला गज बसवायचे म्हणून दारावरची पाटी वाचून मापं घेऊन आत आले. आत्या स्पिरिटच्या दिव्यावर दांडी शेकून तिला बाक देत होती. मान वर न करता म्हणाली, "थांबा जरा, आत्ता मला हलता येणार नाही." आतोबा थांबले. "तो अजून थांबलेलाच आहे," असं आजोबा आल्यागेल्याला सांगायचे, कारण लग्नानंतर आतोबा याच घरात राहायला आले.

हा मूळचा धंदा आजोबांचा. माझे बाबा त्यात पडले नाहीत. त्यांना भुश्यानं शिंका यायच्या, डोळे चोळून चोळून लाल व्हायचे, आणि घरात सगळे त्यांना नाजूक म्हणून चिडवायचे. आत्याला काही व्हायचं नाही. ती शाळेतून आली की दप्तर टाकून थेट आजोबांच्या बाकाशी जायची. पुढे बाबा दुसऱ्या गावी नोकरीला गेले, आजोबा वारले, आणि वर्कशॉप आत्याचं झालं. माझी इथल्या चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत राहायला आले.

वर्कशॉपमध्ये भिंतभर मांडण्या होत्या आणि त्यांत आजोबांनी घेऊन ठेवलेलं लाल लाकूड होतं. समुद्रापलीकडच्या एका किनाऱ्यावरच्या जंगलातलं. चांगला गज याच लाकडाचा, असं कित्येक पिढ्या मानत आल्या आहेत. हलकं असून ताठ, वाकवलं की वाकलेलं राहतं, आणि दाबलं की जिवंत असल्यासारखं परत उसळतं. ते जंगल तोडून तोडून आता उरलंय थोडं, त्यामुळे त्याची खरेदी-विक्री जवळपास बंद झाली आहे. आजोबांनी घेतलं तेव्हा कुणी काही विचारत नव्हतं. "तुझ्या जन्माला पुरेल," असं ते आत्याला म्हणाले होते.

त्यामुळे बाकीचे गजवाले पर्यायी लाकूड शोधत वणवण करत होते तेव्हा आत्या निवांत होती. लाकडाचा व्यापारी अधूनमधून नवे नमुने आणून द्यायचा. कधी काळपट, कधी तपकिरी, कधी सापाच्या कातडीसारखे ठिपके असलेले. आत्या त्यांची दाराखाली अडकवायची पाचर करायची. "ज्यांच्याकडे नाही त्यांनी शोधावं," म्हणायची. जरा तोऱ्यातच.

त्या सकाळी मी कामाला निघाले होते. खालून रंध्याचा आवाज येत होता, लांब आणि एकसारखा. तो थांबला, तर मला काही वाटलं नाही. ती अशी मधेच थांबून दांडी डोळ्यासमोर धरून बघते. मग स्टूल पडल्याचा आवाज आला.

मी खाली गेले तर आत्या बाकाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. ओठ निळे पडले होते. तोंड उघडं होतं आणि आत हवा जात नव्हती. तिच्या घशातून जो आवाज येत होता तो माणसाचा वाटत नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला भीती वाटत नव्हती, ती थक्क झाली होती. आपल्याच हातानं आपल्याला थप्पड मारली तर माणूस बघेल तशी बघत होती.

आतोबा मागून आले, काही विचारलं नाही, तिला उचललं. समोरच्या बेकरीची गाडी माल उतरवत होती. तिच्यातच, पावांच्या ट्रेंच्या मधल्या जागेत आत्याला आडवं केलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सडसडीत, पटापट बोलणाऱ्या. इंजेक्शन दिलं, नळी लावली, आणि दुपारपर्यंत आत्याचा रंग परत आला.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"गज बनवते."

"खिडकीचे?"

आत्या दमलेली होती, तरी तिला हसू आलं. मी समजावून सांगितलं. लाकूड, रंधा, भुसा. डॉक्टर लिहायच्या थांबल्या.

"घरात आणखी कुणाला भुश्याचा त्रास होता?"

"माझ्या भावाला. शिंका यायच्या. पण मला कधीच काही नाही. उभा जन्म त्याच लाकडात गेलाय माझा."

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाल्या. "शरीर वर्षानुवर्षं सोसतं आणि एक दिवस ठरवतं की आता पुरे. त्यानंतर चिमूटभरही चालत नाही."

आत्याला हे पटलं नाही. मला वाटतं, समजलं होतं, पण पटलं नाही. घरी आल्यावर थोडे दिवस ती शहाण्यासारखी वागली. मग आतोबा बाजारात गेलेले पाहून तिनं तोंडाला मास्क बांधला आणि वर्कशॉपमध्ये गेली. रंधाही लावला नाही तिनं. एक फळी नुसती मांडणीवरून ओढून काढली, एवढंच. वरचा साचलेला भुसा अंगावर पडला. या वेळी तिचं तोंड इतकं सुजलं की डोळे दिसेनात. दवाखान्यात नेताना मी तिचा हात धरला होता, आणि तो हात सोडला तर ती माझी आत्या आहे हे ओळखायला दुसरं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आतोबांना बाहेर व्हरांड्यात नेलं. मी दाराशीच होते, मला ऐकू आलं.

"हे बघा, ते लाकूड आणि या बाई एका घरात राहू शकत नाहीत. आणखी एकदा असं झालं तर मी काही करू शकेन याची खात्री देत नाही."

आतोबांनी मान हलवली. यंत्र दुरुस्त करणारा माणूस. सांगितलेलं अक्षरशः करायची त्यांना आयुष्यभराची सवय.

दोन दिवसांनी दुपारी मी आत्याचे कपडे आणायला घरी गेले. गल्लीत वळले तर शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या होत्या, तोंडावर हात ठेवून. आमच्या फाटकाखालून लाल पाणी वाहत होतं. फिकट गुलाबी नव्हे, गडद लाल. गटारापर्यंत त्याचा ओघळ गेला होता आणि उन्हात चमकत होता.

काकू म्हणाल्या, "मी हाक मारली गं, कुणी ओ देत नाही." फाटक ढकलून आत जाईपर्यंत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी लिहिणार नाही.

आतोबा अंगणात उलट्या बादलीवर बसले होते. हातात पाण्याचा पाइप होता आणि तो तसाच चालू होता. पँट गुडघ्यापर्यंत लाल. मागे तेलाचा रिकामा पिंप होता, त्यातून अजून धूर निघत होता.

"आतोबा, काय झालं? कुठे लागलं तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला काय होतंय? साबणाचं पाणी टाकलं की भुसा असा रंग सोडतो. मला माहीत नव्हतं."

मी वर्कशॉपच्या दारातून आत पाहिलं. सगळ्या मांडण्या रिकाम्या होत्या. खालची फरशी धुतलेली, भिंती पुसलेल्या, फटींमधून अजून लाल पाणी झिरपत होतं. मग माझं लक्ष पुन्हा पिंपाकडे गेलं.

"सगळं?"

"डॉक्टर म्हणाल्या ना, एका घरात नको. आता ती घरी येऊ शकते."

"अहो, पण कुणाला दिलं असतं. झाकून ठेवलं असतं. दुसरीकडे ठेवलं असतं."

हे आतोबांच्या मनातच आलं नव्हतं, असं मला दिसलं. दुसरीकडे ठेवलं असतं तर ती तिकडे गेली असती, असं काहीतरी ते पुटपुटले. मग त्यांनी नळ बंद केला आणि ते तोंड धुवायला गेले. हात धुऊनही त्यांच्या नखांतला लाल रंग कितीतरी दिवस गेला नाही.

आत्याला कुणी सांगायचं यावर आम्ही बोललो. "मीच सांगतो," आतोबा म्हणाले. घरी आणताना सगळ्या वाटेत त्यांनी चार वेळा घसा साफ केला आणि सांगितलं काहीच नाही. आत्या घरात शिरली ती चप्पलसुद्धा न काढता थेट वर्कशॉपच्या दाराशी. मी अडवायला गेले, पण आता तिथे तिला अपाय करणारं काही नव्हतंच.

ती आत गेली. रिकाम्या मांडणीवर तिनं हात ठेवला आणि पार कडेपर्यंत फिरवला, अंधारात कपाटात काही चाचपावं तसा. बाहेर लख्ख ऊन होतं.

"विकलंत?"

"नाही," आतोबा म्हणाले.

"कुणाला दिलंत?"

"जाळलं."

आत्या वळली. त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी मनात म्हणत होते, ओरड, काहीतरी फेकून मार, रड तरी. ती म्हणाली, "बरं."

आणि जाऊन पलंगावर पडली.

त्यानंतर घरात जे दिवस गेले ते मला आजही नकोसे वाटतात. भांडण नव्हतं. आत्या स्वयंपाक करायची, आतोबांना वाढायची, कपडे वाळत घालायची. पण त्यांच्याशी बोलायचं असलं की माझ्यामार्फत. "तुझ्या आतोबांना सांग, औषध आणायचंय." आतोबा समोरच बसलेले असायचे. ते मला म्हणायचे, "तिला सांग, आणतो." मी मधे टेलिफोनच्या तारेसारखी. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "मला कधी त्या लाकडाचं काही वाटलं नाही गं. आत्ता का रडू येतंय कळत नाही."

जळालेल्या लाकडात एक दांडी अशी होती की जी आत्याची नव्हती. चेलो शिकवणारे एक मास्तर होते, आजोबांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी तरुणपणी आजोबांबरोबर बसून, ठोकून, कानाला लावून एक फळी निवडून ठेवली होती. कधीतरी माझ्यासाठी गज कराल तर हिचाच करा, असं सांगून. आता निवृत्त होताना त्यांनी आत्याला तो करायला सांगितला होता आणि अर्धाअधिक झालाही होता. ते एक दिवस विचारायला आले.

आत्यानं त्यांना बसवलं आणि सरळ सांगितलं. आडपडदा नाही, आजारपणाचं फार वर्णन नाही. मास्तरांच्या हातातली टोपी खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही.

"जाळलं? जगात उरलंय किती ते. आणि यांनी शेकोटी केली?" ते उभे राहिले. "ताई, माफ करा, पण तुमचे यजमान वेडे आहेत का?"

आत्या शांत होती. "मास्तर, त्यांना वेडं म्हणायचा हक्क माझा आहे. मी तो अजून वापरलेला नाही. माझ्याआधी तुम्ही वापरू नका."

टोपी उचलून मास्तर चहा न घेता निघून गेले. मी चहाचं बघायला स्वयंपाकघरात गेले तर आतोबा तिथे उभे होते, कपांचा ट्रे हातात तसाच. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

त्या संध्याकाळी आत्या पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलली. "वर्कशॉपची खिडकी नीट लागत नाही. बघा जरा." आतोबांनी ती खिडकी चौकटीसकट खोलली, तेल घातलं, परत बसवली. नुसता एक खिळा ठोकला असता तरी चाललं असतं.

जेवताना आत्या म्हणाली, "मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"मग?"

"मग काही नाही. विचारायचं होतं, एवढंच."

आतोबांनी मान खाली घातली. पुढे त्या विषयावर दोघं माझ्यासमोर कधी बोलले नाहीत.

आता नवं लाकूड शोधणं आलं. एकदा जिची तिनं थट्टा केली ती वणवण आता तिच्या दारात येऊन बसली होती, आणि इतर गजवाल्यांपेक्षा तिची अडचण दुप्पट होती. त्यांना फक्त गजाला मानवणारं लाकूड हवं होतं. हिला स्वतःलाही मानवणारं हवं होतं. डॉक्टरांनी उपाय सुचवला. प्रत्येक लाकडाचा थोडा भुसा पाठीवर पट्टीनं चिकटवून ठेवायचा आणि कातडी काय म्हणते ते बघायचं. "कातडी सांगेल तेच फुप्फुस सांगेल असं नाही," त्या म्हणाल्या, "पण जिथे कातडीच नको म्हणते तिथे पुढे जायलाच नको."

व्यापाऱ्यानं नमुने पाठवले. आतोबा ते शेजारच्यांच्या परसात नेऊन कापायचे, भुसा औषधाच्या बाटल्यांत भरायचे, आंघोळ करायचे, कपडे बदलायचे, मगच घरात यायचे. आत्या बंद खिडकीच्या काचेमागे उभी राहून हातवारे करायची. फळी मधे धरा, बोटानं ठोका, फरशीवर टाका. लाकूड वाजलं पाहिजे. जे थप्प करून पडतं त्याचा गजाला उपयोग नाही.

दवाखान्यात आत्या पालथी झोपली आणि डॉक्टरांनी तिच्या पाठीवर पेनानं चौकोन आखले. प्रत्येकात एक लाकूड. पट्ट्या काढायच्या दिवशी मी शेजारी होते. एकेक पट्टी निघत गेली. ज्या काळपट लाकडाचं बाकीचे गजवाले कौतुक करतात तिथे फोड आले होते. सापकातडीच्या जागी लालबुंद चट्टा. तपकिरी, जांभळं, चॉकलेटी, सगळीकडे कातडी पेटलेली. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काय दिसतंय?" आत्यानं उशीत तोंड खुपसून विचारलं.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरच म्हणाल्या, "बाई, लाकूड या जातीवरच रुसलंय तुमचं शरीर."

एकच पांढरं मऊ लाकूड गप्प होतं. आत्यानं नाव ऐकलं आणि म्हणाली, "त्याच्या काड्यापेट्या कराव्यात."

कार्बनच्या, प्लास्टिकसारख्या काळ्या धाग्यांचे गज मिळतात, ते विकायला ठेव, असं मी सुचवलं. "ते मासे पकडायला बरे," ती म्हणाली. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं, पण आवाजात काहीच नव्हतं. त्यानंतरच्या आठवड्यांत ती नुसती बसायची. जेवणाच्या टेबलाच्या कडेवर तिचा हात आपोआप पुढे-मागे जायचा, रंधा मारल्यासारखा. आमच्यापैकी कुणी पाहिलं की हात मांडीवर घ्यायची. धंदा गेला हे दुःख मला कळत होतं, पण तिला स्वतःच्या शरीराचा जो धक्का बसला होता तो वेगळा होता. एकदा म्हणाली, "इतकी वर्षं माझ्याच आत कुणीतरी मोजत होतं, आणि मला पत्ता नाही."

आतोबांचा जुना एक सोबती होता, त्यानं गावाबाहेर जमीन घेतली होती. तिथलं जुनं कुंपण काढायला आतोबा मदतीला गेले. खांब कितीतरी वर्षं जमिनीत पुरलेले, बाहेरून राखाडी, भेगाळलेले. कापायला घेतले तर करवतीचे दात गेले. आत लाकूड पिवळंधमक निघालं. आतोबांनी एक तुकडा गोणपाटात गुंडाळून, गोणपाट पिशवीत घालून घरी आणला आणि अंगणातच थांबून आत्याला हाक मारली.

ती खिडकीशी आली. "हे काय? आता माझ्याभोवती कुंपण घालताय?"

आतोबांनी तुकडा फरशीवर टाकला.

तो वाजला. घंटेसारखा नाही, पण स्वच्छ, आणि आवाज जरा वेळ टिकला. आत्या वळून आत निघाली होती. ती पाठमोरीच थांबली.

"परत टाका."

त्यांनी परत टाकला.

"उलटा टाका."

असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. शेजारच्या काकू कठड्यावरून बघत होत्या. या घरात आता काहीही होऊ शकतं असं त्यांचं मत झालेलं असावं.

पुन्हा पाठ, पुन्हा चौकोन, या वेळी एकच. पट्टी काढायला आतोबा आत आले नाहीत, व्हरांड्यात जाऊन बसले. मी पट्टी उचलली आणि खाली कातडी जशीच्या तशी. मला वाटलं मी चुकीची जागा बघतेय. पेनाची खूण पाहिली, परत पाहिली.

"बोल गं," आत्या म्हणाली.

"काही नाहीये."

"नीट बघ."

"आत्या, काहीच नाहीये."

ती उठून बसली. आनंद झाल्यासारखी दिसत नव्हती. चुकून दुसऱ्याचं पार्सल आपल्याकडे आल्यावर माणूस दिसतो तशी दिसत होती. नंतर डॉक्टरांनी तिला एका बंद खोलीत बसवलं, समोरच्या थाळीतला भुसा हातानं खाली-वर करायला लावला, आणि स्वतः भरलेलं इंजेक्शन हातात धरून शेजारी उभ्या राहिल्या. काचेतून आतोबा आणि मी बघत होतो. आत्या श्वास घेत होती. पीठ मळणाऱ्या बाईसारखी ती भुसा चाळत होती आणि श्वास घेत होती. आतोबांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांच्या बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिले.

पहिला गज दिव्यावर वाकवताना मोडला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि तुकडा उडून काचेवर आदळला. मी किंचाळले. आत्यानं मोडलेलं टोक भिंगाखाली धरलं. "याच्या रेषा तिरक्या गेल्यात. करवतीनं कापायचं नाही हे. पाचर मारून फोडायचं, जिकडे लाकूड स्वतःहून जाईल तिकडे." आतोबांनी फोडायला घेतलं. पन्नास तुकड्यांतला एखादा सरळ निघायचा. हे लाकूड लाल लाकडापेक्षा टोकाशी जड वाटत होतं, म्हणून तिनं टोक लहान केलं, दांडी बारीक केली, आणि बाक जरा पुढे सरकवला. आजोबांनी शिकवलेली मापं इथे चालत नव्हती. ती एकदा हातातलं काम थांबवून मला म्हणाली, "मला काही येत नाही असं वाटतंय. या वयात." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं.

गज झाला तेव्हा तिनं मला मास्तरांकडे पाठवलं. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. आले, चेलो घेऊन आले. आतोबांकडे न बघता आत गेले.

खूप वेळ वाजवलं. मधेच थांबायचे, गजाचं टोक बघायचे, परत सुरू करायचे.

"हे आहे काय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कुंपणाचा खांब," आत्या म्हणाली.

त्यांना ती चेष्टा वाटली. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गजाकडे पाहिलं, आणि खाली बसले.

"तुम्हाला हवा होता तसा नाही हा," आत्या म्हणाली.

"नाही. तसा नाही. खालच्या तारेवर जड जातो. पण वरती…" ते अडखळले. "वरती तो मला थांबू देत नाही. माझा हात जिथे थांबतो तिथे हा पुढे जातो. मला भीती वाटली मगाशी."

थोडे दिवस घेऊन जातो म्हणाले. परत आले ते रिकाम्या हातानं. "माझ्या हाताला आता नवी सवय लागणार नाही ताई. पण माझ्या एका विद्यार्थिनीनं वाजवायला घेतला, तो ती परत देईना. तेव्हा तो विकला गेला असं समजा." निघताना दारात आतोबा उभे होते. मास्तर त्यांच्यासमोर थांबले.

"तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही."

"माझाही गेलेला नाही," आतोबा म्हणाले.

मास्तरांनी आतोबांच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि गेले.

आता असं चालतं. फोडणं, कापणं, जाड रंधा मारणं हे आतोबांकडे, परसातल्या शेडमध्ये. बारीक काम आणि बाक देणं आत्याकडे, बाहेरून स्वच्छ हवा आणणाऱ्या नळीची टोपी तोंडावर चढवून. गज महिन्याला थोडेच होतात. काही गिऱ्हाइकं पिवळा रंग बघूनच परत जातात. काही जण नुसते बघायला येतात आणि वाजवून पाहिल्यावर बसून राहतात. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलंय की हेही लाकूड एक दिवस शरीर नाकारू शकेल, खात्री कुणालाच नाही. त्या दिवशी घरी आल्यावर ती कामाला बसली.

मी तिला एकदा विचारलं, "आत्या, तू आतोबांना माफ केलंस का गं?"

ती दांडीवरून पातं फिरवत होती. फिरवायची थांबली. या प्रश्नाचंच तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"माफ वगैरे काही केलं नाही," ती म्हणाली. "कामं पडली होती."

परसातून आतोबांची हाक आली. एक तुकडा सरळ निघाला होता, बघायला ये म्हणत होते. आत्यानं टोपी काढली, केसांवरचा पिवळा भुसा झटकला आणि गेली.